चौकात राउंडअबाउट करायचाय? मोजणीपासून पट्टे मारण्यापर्यंत, नवख्यांसाठी

चौकात गाड्या वाढल्या, दोन-चार अपघात झाले की मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतंच, मधे एक सर्कल टाकून द्या. मग मधोमध गोल कठडा बांधतात, आत लॉन, कारंजं, एक हायमास्ट, उद्घाटन होतं, आणि महिन्याभरात कळतं की गाड्या आधी जेवढ्या वेगाने जायच्या तेवढ्याच वेगाने जातायत. याचं कारण साधं आहे, पैसे चुकीच्या ठिकाणी खर्च झाले. राउंडअबाउटची सगळी सुरक्षितता मधल्या गोलात नसते, ती प्रत्येक रस्ता जिथे गोलाला येऊन मिळतो त्या तोंडाशी असते. तोंडाशी गाडीला वळावं लागलं, वेग कमी करावा लागला आणि आतल्या गाडीला आधी जाऊ द्यावं लागलं तर तो राउंडअबाउट चालतो, नाहीतर तो रस्त्यातला अडथळा.

हा लेख नगरपालिकेत किंवा पीडब्ल्यूडीत नुकतेच लागलेले ज्युनिअर इंजिनिअर, सिव्हिलची मुलं आणि आपल्या वॉर्डातल्या चौकासाठी धडपडणारे नागरिक यांच्यासाठी आहे. गणित फार नाही, पण टेप, कागद आणि चौकात उभं राहायची तयारी लागेल.

आधी थोडं मुळातलं. चार रस्ते एकत्र येतात त्या साध्या चौकात, प्रत्येक दिशेला एकच लेन धरली तरी, गाड्यांचे मार्ग एकमेकांना 32 ठिकाणी भिडतात, त्यातले 16 आडवे छेदणारे, म्हणजे एकाची समोरची बाजू दुसऱ्याच्या दारावर आदळते तसले. एकपदरी राउंडअबाउटमध्ये हे 32 चे 8 होतात आणि आडवा छेद एकही उरत नाही, उरतात ते फक्त मिसळायचे आणि बाहेर पडायचे. त्यात सगळ्यांचा वेग ताशी 30 किलोमीटरच्या आसपास आला की टक्कर झाली तरी मार कमी बसतो, कारण वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. अमेरिकेत सिग्नलचे आणि स्टॉपचे चौक बदलून राउंडअबाउट केले तिथल्या अभ्यासांत जखमी होण्याचे अपघात साधारण तीन चतुर्थांशाने कमी झालेले दिसले. त्यांची वाहतूक आणि आपली वेगळी आहे त्यामुळे तोच आकडा इथे येईल असं समजू नका, पण कारण तेच आहे आणि ते इथेही लागू पडतं.

दुसरी मुळातली गोष्ट म्हणजे आधी कोण जाणार. जुन्या रोटरींमध्ये बाहेरून येणारी गाडी घुसायची आणि आतली थांबायची, मग आतलं वर्तुळ भरायचं, बाहेर पडायला जागाच राहायची नाही आणि सगळंच लॉक. ब्रिटनने नोव्हेंबर 1966 पासून नियम केला की आत शिरणाऱ्याने उजवीकडून येणाऱ्याला, म्हणजे आधीच गोलात असलेल्याला वाट द्यायची, आणि तिथून आजचा राउंडअबाउट सुरू झाला. आपल्याकडेही 2017 च्या मोटार वाहन चालन नियमांत गोलातल्या वाहनाचा हक्क पहिला आहे. लोक पाळत नाहीत हे खरंय, पण त्यात डिझाइनचाही मोठा वाटा आहे, 14 मीटर रुंद सरळसोट तोंड ठेवलं तर थांबायचं कुठे हे कोणालाच कळत नाही.

पहिली पायरी: मोजा, आणि मग ठरवा की इथे राउंडअबाउट हवाय का

प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी एक माणूस उभा करा आणि सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत दर 15 मिनिटांनी डावीकडे, सरळ, उजवीकडे आणि यू-टर्न असे चार वेगळे आकडे लिहायला सांगा. नुसती एकूण संख्या घेऊन उपयोग नाही, कारण राउंडअबाउटमध्ये उजवीकडे वळणारी गाडी दोन तोंडांसमोरून जाते आणि डावीकडे वळणारी लगेच बाहेर पडते, दोघींचा भार अगदी वेगळा. बाजाराच्या दिवशी एकदा आणि साध्या दिवशी एकदा मोजा. कारखान्याचा भाग असेल तर हंगामात मोजणं फार गरजेचं आहे, जूनमध्ये मोजून केलेलं डिझाइन डिसेंबरमध्ये उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की कोलमडतं.

मग सगळ्या गाड्या एका मापात आणायच्या, त्याला पीसीयू (पॅसेंजर कार युनिट) म्हणतात. आयआरसी म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेस, तिच्या राउंडअबाउटवरच्या कोड 65 च्या 1976 च्या आवृत्तीत कार आणि रिक्षा 1, ट्रक-बस 2.8, मोटारसायकल 0.75, सायकल 0.5 आणि बैलगाडी 4 ते 6 धरलेली आहे. त्याच कोडची नवी आवृत्ती 2017 ची आहे, काम करताना तीच उघडा. जुनी मी मुद्दाम सांगितली कारण कॉलेजच्या पुस्तकांत अजून तिचंच विव्हिंगचं सूत्र असतं, दोन तोंडांमधल्या लांबीत गाड्या एकमेकींत किती मिसळू शकतात असा तो विचार आहे, त्यामुळे गोल मोठा करत जायचा मोह होतो. आताचा विचार प्रत्येक तोंडाचा आहे, गोलात फिरणाऱ्या गाड्यांमध्ये मला शिरायला फट मिळते का एवढाच प्रश्न. 2017 च्या इंडो-एचसीएममध्येही (रस्त्यांच्या क्षमतेची भारतीय मार्गदर्शिका) राउंडअबाउटचं प्रकरण तोंडातून किती गाड्या शिरू शकतात याच अंगाने आहे.

कच्चा हिशोब असा करा. आपण डावीकडून चालवतो म्हणून गोल वरून पाहिला तर घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो. समजा दक्षिणेकडचं तोंड बघतोय, त्याच्या समोरून जाणार पूर्वेकडून आलेल्या सरळ आणि उजवीकडे वळणाऱ्या गाड्या, उत्तरेकडून येऊन उजवीकडे वळणाऱ्या गाड्या, आणि काही यू-टर्नवाल्या. धरा पूर्वेच्या सरळ 300, पूर्वेच्या उजव्या 100, उत्तरेच्या उजव्या 120, यू-टर्न नगण्य, झाले 520. दक्षिणेकडून शिरणाऱ्या 400. दोन्हींची बेरीज 920 पीसीयू ताशी. अमेरिकन मार्गदर्शिकेचा अंगठेनियम असा की ही बेरीज 1000 च्या आत असेल तर एकपदरी गोल पुरतो, 1000 ते 1300 मध्ये नीट विश्लेषण करून बघावं लागतं, 1800 पर्यंत दोन पदर, आणि त्याच्या वर दोनाहून जास्त पदर लागू शकतात. तिथे मी म्हणेन राउंडअबाउटचा नाद सोडून दुसरं काही बघा. चारही तोंडांसाठी हे करा, एकच तोंड जरी बसत नसेल तरी सगळा गोल अडकतो.

आकडे बसले तरी काही ठिकाणी राउंडअबाउट करू नका. एक रस्ता प्रचंड वाहता आणि दुसऱ्यावर दिवसभरात मोजक्या गाड्या असं असेल तर उगाच सगळ्यांना वळवायचं कशाला. चौक चढावर असेल, उतारावरून ट्रक थेट तोंडात येत असेल तरी नको. आणि पुढच्या 100-150 मीटरवर सिग्नल किंवा रेल्वे फाटक असेल आणि तिथली रांग गोलात मागे येत असेल तर सगळ्यात आधी ती रांग सोडवा, कारण गोलाचं एक तोंड बंद झालं की पाच मिनिटांत सगळी तोंडं बंद होतात.

पोलीस स्टेशनमधून मागच्या 3 वर्षांच्या अपघातांची माहितीही घ्या, फक्त संख्या नको, कोण कुठून येत होतं, पायी होता की दुचाकीवर, रात्री की दिवसा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या व्याख्येप्रमाणे 500 मीटरच्या पट्ट्यात 3 वर्षांत मृत्यू किंवा गंभीर इजेचे 5 अपघात किंवा 10 मृत्यू झाले असतील तर तो ब्लॅक स्पॉट, आणि मग निधी मागायला तुमच्या हातात कागद असतो.

दुसरी पायरी: किती मोठा गोल

इथे मोजायचं ते मधल्या बेटाचं माप नाही, बाहेरच्या कर्बपासून (रस्त्याच्या कडेचा उंच काठ) समोरच्या बाहेरच्या कर्बपर्यंतचा व्यास. साधारण अंदाज असा: मिनी 14 ते 27 मीटर, ज्यात मधलं बेट मोठ्या गाडीला चढून जाता येईल असं ठेवतात, एकपदरी 27 ते 55 मीटर, आणि दोनपदरी 46 च्या पुढे. मिनीची कल्पना ब्रिटनमध्ये फ्रँक ब्लॅकमोर यांनी पुढे आणली, आणि आपल्या गावांतल्या अरुंद चौकांसाठी ती फार कामाची आहे, पण वेग आधीच 40-50 च्या आत असलेल्या रस्त्यावरच, हायवेवर मिनी टाकायचा नाही.

मोठा म्हणजे चांगला असं अजिबात नाही. मुंबईत किंग्ज सर्कलला मधे अख्खं माहेश्वरी उद्यान आहे, त्या काळात जागाही होती आणि वाहतूकही वेगळी होती. आज एवढा गोल केला तर आतला वेग वाढतो, वेग वाढला की शिरणाऱ्याला फट सापडत नाही, आणि पायी जाणाऱ्याचं अंतर वाढतं ते वेगळंच. चंदीगडच्या मोठ्या राउंडअबाउटांमध्येही बऱ्याच ठिकाणी पुढे सिग्नल लावावे लागले.

गोल ठरवतो तो डिझाइनचा पाहुणा, म्हणजे सगळ्यात अवघड गाडी. शहरात बहुतेक 12 मीटर लांबीची बस. ती वळताना मागची चाकं आत कापतात, त्यामुळे एरवी अडीच मीटर रुंद असलेली बस घट्ट वळणात 7 मीटरच्या आसपास जागा खाते. पश्चिम महाराष्ट्रात याला उसाचा ट्रॅक्टर जोडा. दोन ट्रॉल्या मागे, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, ड्रायव्हरला मागची ट्रॉली दिसतही नाही, तो अंदाजाने ओढतो आणि मागचं चाक कर्बवर चढतं, ट्रॉली एका अंगाला कलते आणि वरच्या मोळ्या रस्त्यावर. असा चौक असेल तर चालकाला विचारा तो कसा वळतो, शक्य असेल तर रिकाम्या मैदानात फक्कीने गोल आखून एकदा फिरवून बघा. सॉफ्टवेअरमधल्या गाड्यांच्या यादीत ही गाडी बहुधा सापडणार नाही.

तिसरी पायरी: तोंड. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

तोंडाशी गाडी आधी डावीकडे वळली पाहिजे, मग बेटाला वळसा घालून उजवीकडे, आणि बाहेर पडताना परत डावीकडे. हे डावीकडे वळवणं म्हणजे डिफ्लेक्शन. ते नसेल तर बाकी सगळं केलेलं वाया. आपल्याकडे नेहमी होणारी चूक म्हणजे 40 मीटरच्या मोकळ्या चौकात 8 मीटरचं बेट टाकतात आणि रस्त्यांच्या कडांना हातच लावत नाहीत, मोटारसायकलवाला जराशी मान कलवून 60 ने निघून जातो.

तपासायची पद्धत अशी. नकाशा 1:200 ला प्रिंट करा. एका तोंडापासून समोरच्या तोंडापर्यंत, रस्त्यात दुसरी कोणतीच गाडी नाही आणि कुठलाच पट्टा पाळायचा नाही असं धरून, गाडी जास्तीत जास्त सरळ कशी जाईल ती रेघ हाताने, पेन्सिलीने, एका ओघात काढा. गाडीचा मध्य कर्बपासून दीड मीटर दूर राहील एवढंच बंधन. ती रेघ आधी शिरताना डाव्या कर्बला खेटते, मग उजवीकडे बेटाला, मग निघताना परत डाव्या कर्बला. आता त्या रेघेतल्या शिरतानाच्या वळणाची त्रिज्या मोजा. त्रिज्या 30 मीटरच्या जवळ आली तर वेग साधारण 30, 55 आली तर 40, 100 आली तर 50. तुमची रेघ जवळजवळ सरळच निघाली तर तो राउंडअबाउट नाही, परत काढा. शहरात 30 च्या आसपास, जास्तीत जास्त 40, हे लक्ष्य ठेवा. आयआरसीचंही शहरातलं जुनं लक्ष्य 30 आणि बाहेरचं 40 असंच होतं, त्यासाठी तोंडाची त्रिज्या शहरात 15 ते 25 आणि बाहेर 20 ते 35 मीटर.

ही रेघ फक्त सरळ जाणाऱ्यासाठी काढून थांबू नका, डावीकडे वळणाऱ्यासाठी पण काढा, कारण फ्री लेफ्टच्या नावाखाली तिथे मोठी गोलाई दिलेली असते आणि शाळेची मुलं नेमकी तिथूनच रस्ता ओलांडतात. फ्री लेफ्टची वेगळी पट्टी मी शक्यतो देऊच नका म्हणेन, आकडेच तसे असले तरच द्या आणि तिथे उंच झेब्रा ठेवा.

रुंदी किती? एकपदरी तोंड 4.2 ते 5.5 मीटर, गोलातला रस्ता तोंडाच्या रुंदीएवढा किंवा फार तर त्याच्या 1.2 पट. यावर सगळ्यात जास्त वाद होतो, एवढं अरुंद चालणार नाही, ट्रॅफिक अडेल असं प्रत्येक मीटिंगमध्ये ऐकायला मिळतं. त्यांना चौकातली धूळ दाखवा. कुठल्याही मोठ्या मोकळ्या चौकात दुपारी जाऊन खाली बघा, चाकं जातात तिथे डांबर काळं चकचकीत असतं आणि जिथे चाक कधी जातच नाही तिथे धुळीचा, वाळूचा, खडीच्या चुऱ्याचा पट्टा बसलेला असतो. त्या पट्ट्यांचे फोटो काढा आणि टेपने मोजा, जास्तीचा रस्ता किती आहे ते चौक स्वतःच सांगतो, आणि साहेबांना पटवायला तो फोटो कुठल्याही सूत्रापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

रुंद ठेवलं की आपल्या मिश्र वाहतुकीत एका लेनमध्ये तीन रांगा होतात, रिक्षा, दोन मोटारसायकली आणि मधे घुसलेला टेम्पो, आणि मग बाहेर पडणाऱ्याला आतून बाहेर कापत यावं लागतं. दोनपदरी गोलात हीच अडचण सगळीकडे येते, म्हणून नेदरलँड्समध्ये लॅम्बर्टस फोर्टाउन यांनी 1996 मध्ये टर्बो राउंडअबाउट आणला, ज्यात शिरायच्या आधीच लेन निवडायची आणि आत लहान उंचवट्याने लेन वेगळ्या केलेल्या असतात. आपल्याकडे तो उंचवटा दुचाकीसाठी धोक्याचा ठरू शकतो, त्यामुळे नवख्याने एकपदरीपासूनच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. पुढे वाढ लागली तर बेटाच्या बाजूने जागा राखून ठेवा.

चौथी पायरी: मधलं बेट

बेटाभोवती 1 ते 4 मीटरची एक पट्टी द्या जिच्यावर बस-ट्रकची मागची चाकं चढू शकतील, तिला एप्रन म्हणतात. उंची 50 ते 75 मिलिमीटर, कड उतरती, रंग आणि पोत रस्त्यापेक्षा वेगळा, खडबडीत काँक्रीट किंवा दगडी फरशी. कारवाल्याला तिच्यावर चढावंसं वाटू नये आणि बसवाल्याला चढता यावं, इतकी नेमकी. एप्रन सपाट गुळगुळीत केली की संध्याकाळी तिथे पाणीपुरीची गाडी उभी राहते आणि दुचाकी पार्क होतात.

बेटाचा मधला भाग थोडा उंच, मातीचा उतार 6 ला 1 पेक्षा चढा नको. उंच कशाला, तर लांबून येणाऱ्याला समोरचा रस्ता सरळ दिसू नये आणि रात्री समोरच्या हेडलाइटने डोळे दिपू नयेत. पण बेटाच्या कडेची झाडं ठेंगणीच ठेवा, ड्रायव्हरची नजर साधारण 1.2 मीटर उंचीवर असते, तिला गोलातून उजवीकडून येणारी गाडी दिसलीच पाहिजे. उजवीकडचं मात्र फार लांबूनही दिसू देऊ नका, तोंडापासून साधारण 15 मीटर मागे असताना दिसलं की पुरे, त्याहून मागूनच सगळं मोकळं दिसलं तर लोक तिथूनच फट हेरून वेग वाढवतात.

पुतळ्याचा विषय टाळून चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2013 मध्ये सार्वजनिक रस्ते, फुटपाथ आणि अशा सार्वजनिक वापराच्या जागांवर नवे पुतळे किंवा बांधकामं उभारायला परवानगी देऊ नये असा आदेश दिलाय. पण आदेश बाजूला ठेवला तरी, ज्या थोर व्यक्तीला लोक हार घालायला येणार, जयंतीला मुलाबाळांसह येणार, त्यांना वाहत्या गोलातून ओलांडून जायला लावणं हे त्या व्यक्तीच्या मानालाही शोभत नाही. चौकाच्या कोपऱ्यात, फुटपाथला लागून छोटं प्रांगण करून द्या, तिथे पायऱ्या, सावली, बसायला कट्टा. आधीपासून पुतळा मधेच असेल तर निदान कार्यक्रमाच्या दिवशीचा वाहतूक आराखडा डिझाइनसोबतच करा. बेटात माणसाला जायचं कारणच ठेवायचं नाही, बाकडी नकोत, कारंजंही नको कारण वाऱ्याने पाणी रस्त्यावर उडतं आणि मुलं आत धावतात. शुभेच्छांचे फ्लेक्स लागणार नाहीत असं आधीच ठरवून घ्या, कारण एक फ्लेक्स लागला की उजवीकडचं दिसणं संपलं.

पाचवी पायरी: पायी जाणारा

प्रत्येक तोंडाशी येणारी आणि जाणारी बाजू वेगळी करणारं तिकोनी बेट हवं, स्प्लिटर. लांबी कमीत कमी 15 मीटर, जमलं तर 30. ते गाडीला डावीकडे ढकलतं, उलट दिशेने शिरणाऱ्याला अडवतं आणि पायी जाणाऱ्याला अर्ध्यात थांबायला जागा देतं. नुसता पिवळा पट्टा मारून स्प्लिटर होत नाही, कर्ब पाहिजे.

झेब्रा गोलाला चिकटून मारू नका. थांबायच्या रेषेच्या एक गाडीभर, म्हणजे साधारण 6 मीटर मागे घ्या. त्यामुळे पहिली गाडी गोलाकडे बघत थांबलेली असताना माणूस तिच्या मागून ओलांडतो, आणि गोलातून बाहेर पडणाऱ्याला झेब्रा दिसल्यावर ब्रेक लावायला वेळ मिळतो. स्प्लिटरमध्ये झेब्राच्या जागी रस्त्याच्या पातळीत कापून वाट ठेवा, माणसाला उभं राहायला खोली 1.8 मीटर तरी हवी, म्हणजे सायकल किंवा बाबागाडी मावते. हिशोब करा, आयआरसीत चालण्याचा वेग सेकंदाला 1.2 मीटर धरतात, 14 मीटरचा सलग रस्ता ओलांडायला जवळजवळ 12 सेकंद लागतात आणि साडेतीन मीटरचा एक पदर 3 सेकंदांत होतो. गुडघे दुखणाऱ्या आजींना याच्या दीडपट-दुप्पट वेळ लागतो, त्यांच्यासाठी मधली थांबायची जागा म्हणजे बाजारात एकटीने जाता येणं किंवा न येणं.

शक्य असेल तिथे झेब्रा फुटपाथच्या पातळीला उचला. आपल्याकडे नुसत्या पट्ट्यांवर कोणी थांबत नाही, उंचवट्यावर थांबतात. दृष्टिहीन माणसासाठी राउंडअबाउट फार अवघड असतो, कारण सिग्नलसारखा आवाज थांबत नाही, गाड्या आल्या की गेल्या ते कळत नाही, म्हणून उचललेला झेब्रा आणि त्याच्या दोन्ही टोकांना ठिपक्यांच्या फरश्या या दोन गोष्टी इस्टिमेटमधून कापू देऊ नका. फुटपाथ आणि गोल यांच्या मधे झुडपांची पट्टी ठेवा, लोक आपोआप झेब्रापर्यंत जातात.

रिक्षा स्टँड, वडापच्या जीपा, बस स्टॉप हे सगळं गोलाच्या बाहेर, आणि बाहेर पडायच्या तोंडापासून इतकं पुढे की बस थांबली तरी मागची रांग गोलात येणार नाही. त्यांना जागा नकाशातच द्या. जागा दिली नाही तर ते तोंडाशीच उभे राहणार, आणि दोष त्यांचा नाही, प्रवासी तिथे उतरतो म्हणून ते तिथे थांबतात.

सहावी पायरी: पाणी, उजेड, बोर्ड

गोलातल्या रस्त्याचा उतार बाहेरच्या बाजूला 2 टक्के. पाणी बेटाकडे न साचता बाहेरच्या गटारात जातं आणि वळताना जोर धरता येत नाही म्हणून वेगही आवरतो. याहून जास्त उतार देऊ नका, उंच भरलेल्या गाड्या उलटायची भीती असते. गटाराची जाळी झेब्राच्या तोंडात येणार नाही हे बघा, पहिल्याच पावसात तिथे डबकं झालं की लोक झेब्रा सोडून बाजूने जातात.

एका मधल्या हायमास्टवर भागवू नका. उजेड तोंडांवर आणि झेब्रांवर पडायला हवा, म्हणून दिवे बाहेरच्या कडेने, आणि येणाऱ्या गाडीच्या बाजूने झेब्राच्या जरा अलीकडे, म्हणजे माणसाची पुढची बाजू उजळते. मधून उजेड आला तर माणूस नुसती काळी सावली दिसतो.

बोर्ड थोडेच पण नेमके: आधी राउंडअबाउटची सूचना, तोंडाशी उलट्या त्रिकोणाचा रस्ता द्या बोर्ड, बेटावर प्रत्येक तोंडासमोर बाणांची पट्टी, स्प्लिटरच्या नाकावर डावीकडून जा. बोर्ड आयआरसी 67 प्रमाणे आणि पट्टे आयआरसी 35 प्रमाणे. थांबायची तुटक रेषा थर्मोप्लास्टमध्ये, साध्या पेंटमध्ये मारली तर ती लवकर उडते आणि तिच्यासोबत वाट द्यायचा नियमही.

सातवी पायरी: आधी ड्रमने करून बघा

कर्ब बसवायच्या आधी फक्कीने लाइनआउट करा, वाळू भरलेले ड्रम आणि कोन ठेवा, रात्रीसाठी रिफ्लेक्टर पट्ट्या लावा आणि ट्रॅफिक पोलिसांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. दोन-तीन आठवडे ठेवलं की पहिल्या दिवसांचा गोंधळ निवळतो आणि खरं चित्र दिसतं. बाजाराचा दिवस, शाळा सुटायची वेळ, पाऊस, रात्री उशिराचे ट्रक, सगळं बघा. कुठला ड्रम सारखा घासला जातोय, कुठे कोणी कधीच जात नाही, रिक्षावाले कुठे सरकले, ओलांडणारे कुठून जातायत, हे लिहून ठेवा आणि ड्रम हलवा. फुटाफुटाचा फरक पडतो. कर्ब बसवल्यावर हाच फरक करायला तोडफोड आणि नवीन टेंडर लागतं.

शेवटी ड्रम जिथे स्थिरावले तिथली मापं घेऊन नकाशा पक्का करा, आणि टेंडरमध्ये दोन गोष्टी वेगळ्या बाबी म्हणून लिहा: पट्टे आणि कॅट आय (रस्त्यात बसवलेले चमकणारे खुंट) ठराविक मुदतीने नव्याने करणं, आणि बेटावरची झाडं छाटणं. सुशोभीकरणाची रक्कम कमी करून याला द्यायला सांगा. गोल सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी त्याच तोंडांवर परत मोजणी करा, रिकाम्या वेळी शिरणाऱ्या गाड्यांचा वेग स्पीड गनने घ्या, आणि तो 40 च्या वर येत असेल तर परत तिसऱ्या पायरीवर जाऊन त्या एका तोंडाची पेन्सिलची रेघ काढून बघा.